गिटारचं डोकं मोडलं तर

इलेक्ट्रिक गिटार पडली, मानेच्या टोकाशी कट्कन आवाज आला आणि मागच्या बाजूला केसाएवढी चीर दिसली, तर त्या क्षणी एकच काम करायचं: सहाही तारा पूर्ण सैल सोडायच्या. चीर किती खोल आहे ते बघायला डोकं मागेपुढे हलवायचं नाही. फेव्हिक्विक आणायला पोराला दुकानात पिटाळायचं नाही. आणि आजचा कार्यक्रम तेवढा होऊन जाऊ दे म्हणून वरून टेप गुंडाळून वाजवायचं तर मुळीच नाही. नेहमी वापरतात त्या दहाच्या संचाचा, म्हणजे ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या तारांचा, सुरात लावल्यावर एकूण ताण ४५ किलोच्या आसपास असतो. नऊचा संच असेल तर ३८ किलो. एवढा ताण रात्रंदिवस डोक्याला पुढे ओढत असतो. लाकूड अखंड असतं तोवर त्याला त्याचं काही वाटत नाही. चीर पडली की तोच ताण ती उघडत नेतो.

मोडलेलं डोकं दुरुस्त होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण अशी गिटार संपली असं समजून ती माळ्यावर टाकणारे पुष्कळ आहेत. लाकडाच्या उभ्या रेषांना उभ्या रेषा नीट चिकटल्या तर सांधा भोवतीच्या लाकडाइतका, कधी कधी त्याहून पक्का होतो. माझं तर मत असं आहे की पडल्यामुळे जेवढ्या गिटार वाया जात नाहीत, तेवढ्या पहिल्या तासातल्या घाईच्या इलाजानं जातात.

डिंगोरे, ओतूर, उदापूर, मढ या भागात राहणाऱ्याला ही दुरुस्ती स्वतः समजून घ्यायला आणखी एक कारण आहे. पुण्याला गिटार दाखवायला न्यायची म्हणजे नारायणगाव, मंचर, चाकण करत जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. कल्याणकडे जायचं तर मधे माळशेज घाट. इथे वाजवणारे मात्र कमी नाहीत. नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं नाव त्या गावाला कायमचं चिकटलेलं आहे, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागल्या की गावोगावची मंडळी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला तिथे येतात. ढोलकी-हलगीच्या शेजारी आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड बसलेत. ऑर्केस्ट्रा, लग्नाच्या पार्ट्या, गणपतीतले कार्यक्रम यांत गिटारही असते. रोज रात्री नवं गाव आणि पहाटे सगळं सामान टेम्पोत, अशा फिरतीत गिटारचा जो भाग सगळ्यात आधी जातो तो डोकं.

आता तोच का जातो ते पाहू, कारण पुढची सगळी दुरुस्ती या उत्तरावर उभी आहे.

जळणाचा ओंडका कुऱ्हाडीनं उभा सहज फुटतो, आडवा तोडायला घाम निघतो. लाकडाची ताकद रेषांच्या दिशेनं असते. गिब्सनच्या लेस पॉलमध्ये (ही गिटार १९५२ साली बाजारात आली) आणि तिच्या असंख्य नकलांमध्ये डोकं मानेच्या रेषेत नसून मागे कललेलं असतं, मूळ रचनेत १७ अंशांनी. तारा नटवर, म्हणजे मान आणि डोकं यांच्या मधल्या खाचांच्या पट्टीवर, घट्ट बसाव्यात म्हणून हा कल. पण मान आणि डोकं महोगनीच्या एकाच फळीतून कापलं की कललेल्या भागात रेषा आखूड पडतात, म्हणजे लाकडाच्या एका अंगातून शिरून लगेच दुसऱ्या अंगातून बाहेर येतात. त्यात नेमक्या त्याच जागी, नटच्या मागे, ट्रस रॉडचा, म्हणजे मानेतल्या लोखंडी सळईचा, नट फिरवता यावा म्हणून खळगा कोरलेला असतो. म्हणजे मान जिथे सगळ्यात बारीक, तिथेच रेषा आखूड आणि तिथेच लाकूड पोकळ. वर सहा धातूच्या चाव्यांचं पाव किलोच्या घरातलं वजन टोकाला. गिटार पाठीवर पडली की अंग थांबतं, डोकं थांबत नाही. पिशवीतून न काढता पडलेली गिटारही म्हणूनच मोडते. डोक्याला काही लागावंच लागतं असं नाही.

कंपनीलाही हे ठाऊक होतं. १९६०च्या दशकाच्या मध्यात गिब्सननं हा कल १४ अंशांवर आणला आणि १९७०च्या सुमारास नटच्या मागे लाकडाचा उंचवटा ठेवायला सुरुवात केली. पुढे जुन्या घाटाची मागणी वाढली तेव्हा उंचवटा गेला आणि १७ अंश परत आले. गिऱ्हाइकाला दिसायला हवं ते मजबुतीला सोयीचं असतंच असं नाही!

फेंडरची तऱ्हा वेगळी. १९५४ची स्ट्रॅटोकास्टर आणि तिच्या आधीची टेलिकास्टर यांचं डोकं मानेशी समांतर असतं, फक्त थोडं खाली उतरवलेलं. मेपलच्या सरळ फळीतून कापलेलं असल्यानं रेषा सलग जातात आणि ते सहसा मोडत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच कललेल्या डोक्यांमध्ये डोकं वेगळ्या तुकड्याचं असून तिरप्या सांध्यानं मानेला जोडलेलं असतं. हा जोड दिसायला हलका वाटतो, पण अखंड फळीपेक्षा तो शहाणपणाचा; त्यात रेषा सरळ राहतात. तुमच्या गिटारच्या मानेवर पहिल्या-दुसऱ्या पट्टीच्या मागे तिरकी रेघ दिसली तर ती चीर समजून घाबरू नका. नखानं चाचपून पाहा. जोड असेल तर नख अडत नाही.

फ्लॉइड रोझ पद्धतीचा, तारा आवळून धरणारा नट ज्यांच्या गिटारवर आहे त्यांनी नटच्या मागे अधूनमधून बॅटरी मारून बघावं. काही गिटारांत हा नट मानेच्या आरपार जाणाऱ्या दोन स्क्रूंनी बसवतात, आणि आधीच बारीक असलेल्या जागेला दोन भोकं पडतात.

मोड कसली आहे ते ओळखा

तारा काढल्या, ट्रस रॉडचा नट उलटा फिरवून सैल केला, चाव्या उतरवल्या, की गिटार पांढऱ्या कापडावर ठेवा आणि उजेडात बघा. फोटो काढून ठेवा. कपची, व्हिनिअरचा तुकडा, लाकडाचा काटासुद्धा डबीत जपून ठेवा; आज निरुपयोगी वाटणारी कपची परवा नेमकी जागेवर बसते. तुटलेल्या तोंडांना बोट लावायचं नाही. बोटाचं तेल गोंदाला नको असतं, आणि दाबले गेलेले बारीक तंतू पुन्हा एकमेकांत बसत नाहीत. पॉलिश पेपर तर अजिबात मारायचा नाही. तुटलेली दोन तोंडं एकमेकांचा हुबेहूब साचा असतात. तो साचा हीच तुमची सगळी पुंजी.

बहुतेक वेळा दिसतं ते असं: मागून चीर उघडी, पण पुढचा काळा पातळ व्हिनिअर अजून धरून. ही सगळ्यात सोपी मोड. डोकं पूर्ण सुटून हातात आलं असेल आणि मोड लांब, तिरकी असेल, म्हणजे दोन तुकडे पाच सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त लांबीवर एकमेकांवर बसत असतील, तरी काळजीचं कारण नाही. चिकटायला भरपूर जागा आहे. अवघड मोड ती आखूड, आडवी, नटच्या मागे सुरीनं कापल्यासारखी. तिथे आडव्या तोंडाला आडवं तोंड चिकटवायचं असतं आणि नुसता गोंद ते पेलत नाही. तिला आधार लागतो; त्याचं पुढे बोलू.

सगळ्यात वाईट म्हणजे आधी कुणीतरी चिकटवून पुन्हा सुटलेली मोड. वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. पांढरा गोंद असेल तर कोमट पाण्यात बुडवलेल्या जुन्या दातांच्या ब्रशनं हळूहळू काढता येतो, मग लाकूड दोन दिवस सावलीत वाळवायचं. फेव्हिक्विक असेल तर अॅसिटोन लागतं, पण अॅसिटोन गिटारचं पॉलिशही खातं, म्हणून ते कापसाच्या काडीनं, आतल्या तोंडापुरतंच.

इथे एक व्यवहाराचा हिशेब करून घ्या. गिटार स्ट्रॅटच्या घाटाची असेल आणि मान मागच्या पट्टीतल्या चार स्क्रूंनी बसवलेली असेल, तर अवघड मोडीवर मेहनत घेण्यापेक्षा नवी मान घेणं स्वस्त पडू शकतं. नटपासून ब्रिजपर्यंतचं माप (स्ट्रॅटला साधारण ६४८ मिलिमीटर) आणि मान बसते त्या खाचेची रुंदी (साधारण ५६ मिलिमीटर) मोजूनच मागवा. मान अंगाला चिकटवलेली असेल तर हा रस्ता बंद. डोकंच दुरुस्त करायचं.

गोंद कुठला

घरात फेव्हिकॉल असतोच. १९५९पासून या देशातलं निम्मं फर्निचर त्याच्यावर उभं असेल, आणि खुर्चीला, कपाटाला तो उत्तमच. पण खुर्चीचा सांधा आणि गिटारचा सांधा यांत फरक आहे. खुर्चीवर माणूस बसतो आणि उठतो. तारा उठत नाहीत. साधा पांढरा गोंद वाळल्यावरही किंचित लवचिक राहतो आणि कायमच्या ताणाखाली केसाकेसानं सरकतो. उष्णतेनं तर तो मऊच पडतो. एप्रिलच्या उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी आत ५०-६० अंशांवर सहज जाते, आणि जत्रांचा हंगाम नेमका तोच. म्हणून गिटारच्या डोक्याला साधा फेव्हिकॉल नको, असं माझं स्पष्ट मत आहे. धरणार नाही असं नाही. टिकेल याचा भरवसा नाही.

यासाठी पिवळा गोंद मिळतो. टाइटबॉन्ड ओरिजिनल हा गिटारवाल्यांचा नेहमीचा. तो वाळून कडक होतो, सरकत नाही. इकडच्या हार्डवेअरच्या दुकानात बहुधा मिळणार नाही, ऑनलाइन मागवावा लागतो. बाटली ताजी आहे ना ते बघून घ्या. लावल्यापासून आवळेपर्यंत पाचेक मिनिटं मिळतात. तुकडे एकमेकांत घट्ट बसत असतील तर हाच.

कपच्या हरवल्यात, फट राहतेय, किंवा जुन्या गोंदाचे डाग पूर्ण निघत नाहीत, तर दोन ट्यूबचा अरल्डाइट. तोही पाच मिनिटांत धरणारा नव्हे, रात्रभर घेणारा. तो फट भरतो. मात्र एकदा बसला की पुन्हा सोडवणं फार जड, म्हणून तो दुसऱ्या नंबरचा.

तिसरा आहे सरस. आपले जुने सुतार जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा गोंद रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करत. मिरजेच्या सतारमेकरांच्या कामातही त्याची जुनी जागा आहे. तिथली तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची, शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेब सतारमेकरांपासून सांगितली जाते. तलवारींना धार लावणारे हात तंबोऱ्याकडे वळले. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सरसाचा मोठा गुण असा की ऊब आणि ओल दिली की सांधा सुटतो, पुन्हा जोडता येतो. वाद्य पिढ्यान् पिढ्या चालवायचं तर हे फार मोलाचं. पण सरस गार होताच थिजतो, हाताशी मिनिटभरच मिळतं. सवय नसलेल्यानं गिटारच्या डोक्यावर तो शिकू नये.

फेव्हिक्विक का नको, हेही एकदा सांगून टाकतो. तो क्षणात धरतो, आणि तोवर तुकडा अर्धा मिलिमीटर तिरका बसलेला असतो. मग तो तसाच. शिवाय तो लाकडात मुरतो आणि नंतर चांगला गोंद लावायची वाटच बंद करतो. आणि एम-सील नळाला.

सांधा आवळणं

गोंदाला हात लावण्याआधी सगळं कोरडं करून बघायचं. शिकंजे, ठोकळे, पट्ट्या जागेवर लावून आवळायचं आणि चीर पूर्ण मिटते का ते पाहायचं. मिटली नाही तर आत कुठेतरी उलटा मुडपलेला तंतू अडकलाय. चिमट्यानं सरळ करा, नाहीच बसला तर तेवढाच धारदार पात्यानं कापा. ही कोरडी तालीम हात बसेपर्यंत करा. नंतरच्या पाच मिनिटांत विचार करायला वेळ नसतो.

मानेची पाठ गोल, डोक्याची सपाट आणि चीर तिरकी, ही इथली अडचण. सरळ शिकंजा लावला की तुकडे घसरतात. पुढच्या बाजूला सपाट ठोकळा ठेवा. मागच्या बाजूला ठोकळ्याखाली जुन्या हवाई चपलेच्या तळव्याचा तुकडा. तो गोलाईप्रमाणे दबतो आणि लाकडावर वण उठू देत नाही. ठोकळ्यांना खोकी बंद करायची तपकिरी टेप चिकटवून घ्या, म्हणजे गोंद त्यांना धरणार नाही. शिकंज्याचा दाब चिरेला काटकोनात यायला हवा. डोकं पुढे घसरत असेल तर टोकाकडून हलका आधार द्या. शिकंजे नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद लांब पट्टी कापा आणि ताणून वेढ्यावर वेढा द्या. प्रत्येक वेढ्यानं दाब वाढतो आणि गोलाईवर सगळीकडे सारखा बसतो. मला स्वतःला लांब चिरेसाठी शिकंज्यापेक्षा ही पट्टीच जास्त पटते.

आता गोंद. व्हिनिअर धरून असलेली चीर असेल तर डोकं अगदी अलगद पुढे दाबून ती थोडी उघडायची, वरून गोंद सोडायचा आणि जुन्या ब्लेडनं किंवा दातांत फिरवायच्या दोऱ्यानं आत ढकलायचा. औषधाच्या दुकानात मिळणारी सुई आणि पिचकारी इथे कामी येते. चीर हलकेच उघड-मीट केली की गोंद आत ओढला जातो. दुसऱ्या टोकाला तो दिसेपर्यंत हे करत राहायचं. डोकं पूर्ण सुटलं असेल तर दोन्ही तोंडांना पातळ थर. ट्रस रॉडच्या नटला आधीच मेण चोळून ठेवा. तिथे गोंद गेला तर मान कायमची जखडते, आणि ती चूक गिटार मोडण्यापेक्षा महाग पडते.

आवळल्यावर चिरेच्या पूर्ण लांबीवर गोंदाचे मणी बाहेर यायला हवेत. जिथे आले नाहीत तिथे आत गोंद नाही. ओल्या फडक्यानं लगेच पुसा, ट्रस रॉडच्या खळग्यात काडी घालून साफ करा, आणि मग चोवीस तास गिटारकडे ढुंकूनही बघू नका. बाटलीवर अर्धा तास लिहिलेलं असतं, ते पेटीच्या सांध्यासाठी. पावसाळ्यात माळशेजकडची हवा आठवडेच्या आठवडे ओली असते. तेव्हा दोन दिवस द्या. जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली गेलेला असतो तेव्हा हा गोंद नीट धरत नाही. त्या दिवसांत काम दुपारी, घरात करा, आणि गोंदाची बाटली व गिटार दोन्ही आधी उबदार खोलीत ठेवा.

आधार द्यायचा असेल तर

आखूड मोड, पुन्हा सुटलेली मोड, किंवा लाकूडच गहाळ झालेली मोड असेल तर गोंदाच्या जोडीला नवं लाकूड घालावं लागतं. प्रचलित पद्धत अशी: मानेच्या मागून, ट्रस रॉडच्या दोन्ही अंगांना, मोडीवरून जाणाऱ्या दोन उभ्या खाचा राउटरनं पाडायच्या, साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि आठ-दहा सेंटीमीटर लांब. त्यांत मेपल किंवा महोगनीच्या पट्ट्या घट्ट बसवून चिकटवायच्या आणि रंध्यानं गोलाईत आणायच्या. पट्टीच्या रेषा मानेच्या लांबीला समांतर हव्यात. आडव्या रेषांची पट्टी घातली तर न घातल्यासारखीच. दुसरी पद्धत म्हणजे मागची बाजू दोन-तीन मिलिमीटर उतरवून तिथे मानेपासून डोक्यापर्यंत अखंड पातळ फळी वाकवून चिकटवणं.

हे काम ज्याचा हात राउटरवर बसलेला नाही त्यानं करू नये. पण म्हणून ते पुण्यातच होईल असंही नाही. नारायणगाव-ओतूरकडे फर्निचर करणारे सुतार आहेत, त्यांचा हात तुमच्यामाझ्यापेक्षा कितीतरी साफ असतो. फक्त गिटार त्यांनी क्वचित पाहिलेली असते. त्यांच्याकडे जाताना तीन गोष्टी आधी सांगा. पहिली, मधे लोखंडी सळई आहे, ती कुठून जाते ते दाखवा. दुसरी, खिळा, स्क्रू, चूक काहीही मारायचं नाही. सुतार प्रेमानं म्हणतो, दोन स्क्रू मारून देतो, हलणार नाही. तिथे स्क्रू म्हणजे आखूड रेषांत घातलेली पाचर; आज धरतो आणि उद्या नवी चीर पाडतो. तिसरी, सागवानाची पट्टी घालणार असेल तर लावायच्या आधी ती थिनरनं पुसून घ्या. सागवानात अंगचं तेल असतं आणि गोंद त्यावर नाराज असतो.

रंग आणि पॉलिश

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण दुरुस्ती दिसू नये हा हट्ट मला फारसा पटत नाही. हाताला लागत नाही एवढं गुळगुळीत झालं की पुरे. ४००चा वॉटर पेपर, मग ८००, मग १२००, फक्त सांध्याभोवती. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलच्या बोळ्यानं पातळ हात द्या. आपल्या पॉलिशवाल्याला हे डोळे मिटून येतं, आणि महोगनीच्या लालसर तपकिरी रंगावर लाखेचा मधाळ रंग छान मिसळतो. काळी गिटार असेल तर लाखेत थोडा काळा रंग. थिनर आणि स्पिरिट चुलीजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ नको.

डोक्याच्या बारीकसारीक दुखण्यांना एवढा सोहळा लागत नाही. चावीचा स्क्रू नुसताच फिरतोय, धरत नाही, तर भोकात गोंद लावलेली बांबूची काडी घट्ट बसवा, वाळली की कापून टाका आणि बारीक गिरमिटानं नवं भोक पाडून स्क्रू पिळा. इथे साधा फेव्हिकॉल चालतो. कोपरा उडाला असेल आणि तुकडा हरवला असेल तर जागा पटाशीनं सपाट करून त्याच जातीच्या लाकडाचा, त्याच दिशेच्या रेषांचा तुकडा चिकटवायचा आणि मग कानशीनं घाटात आणायचा. रंगानं झाकणार असाल तर अरल्डाइटमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवूनही भरता येतं. फक्त तो भराव ताणाच्या जागी नको.

तारा परत चढवताना

एकदम सुरात आणायच्या नाहीत. नऊचा संच घ्या. आधी ढिल्या तारा, मग सूर दोन-तीन पट्ट्या खाली ठेवून तशीच रात्रभर, मग सुरात. प्रत्येक टप्प्यावर चिरेवरून नख फिरवा आणि बॅटरीच्या तिरक्या उजेडात बघा. ट्रस रॉड शेवटी, पाव वळसा करत. आठवडाभर सूर टिकला आणि पॉलिशवर नवी केसाएवढी रेघ उमटली नाही, तर सांधा बसला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रेघ दिसली तर लगेच तारा उतरवा. अजून काही बिघडलेलं नाही, फक्त आता आधाराची पट्टी घालायला हवी.

पुढच्या वेळी मोडू नये म्हणून खर्च फारसा नाही. प्लास्टिकच्या खुर्चीला किंवा स्पीकरला टेकवून गिटार ठेवणं बंद करा. मोडलेल्या डोक्यांची जन्मकथा बहुधा तिथेच सुरू होते. टेम्पोत न्यायची तर कडक पेटी. पेटीत मानेखाली घडी घातलेला टॉवेल असा ठेवा की डोकं अधांतरी राहील आणि पेटीच्या तळाला टेकणार नाही. लांबच्या प्रवासाला तारा एखाद-दोन सूर उतरवून ठेवा. टोमॅटोच्या क्रेटांच्या वर गिटार आडवी टाकायची नाही, मग गाडी घरचीच का असेना.

आणि ती गिटार कधी विकायची वेळ आली तर सांधा दाखवून विका. डोकं जोडलेल्या गिटारची जुन्या बाजारात किंमत निम्म्यापर्यंत उतरते, हे गिब्सनसारख्या महागड्या गिटारलाही लागू आहे. घेणाऱ्याला ते सांगा, कुठला गोंद वापरलाय तेही सांगा, कारण पुढे कधी तो सांधा उघडायची वेळ आली तर दुरुस्त करणारा पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.